जीईडीमॅच : नातेवाईक शोधून देणारी सेवा आणि पोलिसांसाठीचा तो एक पर्याय

जीईडीमॅच स्वतः डीएनए चाचणी करत नाही. अन्य कंपनीकडून चाचणी करून घेतल्यावर मिळणारी मूळ माहितीची फाइल येथे अपलोड करायची आणि निरनिराळ्या कंपन्यांच्या ग्राहकांमधून आपले रक्ताचे नातेवाईक शोधायचे, हे या सेवेचे मूळ काम असून ते ती उत्तम करते. तक्ते रूक्ष आहेत, नवख्याला सेंटिमॉर्गनचे (समान डीएनए मोजण्याच्या एककाचे) आकडे समजायला वेळ लागतो. परंतु तुलनेच्या मूलभूत सुविधा विनामूल्य आहेत.

तथापि २०१८ मधील घटना वगळून या सेवेविषयी लिहिणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. कॅलिफोर्नियात १९७० आणि १९८०च्या दशकांत खून व बलात्कार करणारा ‘गोल्डन स्टेट किलर’ चाळीसेक वर्षे सापडत नव्हता; अखेर पोलिसांनी त्याच्या डीएनएची माहिती या सेवेत टाकून त्याचे नातेवाईक शोधले. अमेरिकी पोलिसांच्या कोडिस डेटाबेसमध्ये आज डीएनएवरील २० ठरावीक स्थाने नोंदवली जातात, त्यामुळे तेथे तीच व्यक्ती किंवा फार तर तिचा अगदी जवळचा आप्त सापडतो. येथे मात्र लक्षावधी स्थाने ताडून पाहिली जात असल्याने ज्यांचे केवळ खापरपणजोबा एक आहेत आणि ज्यांचा सरासरी एक टक्क्याहून कमी डीएनए समान आहे, असे दूरचे भाऊबंदही हाती लागतात. अशा आप्तांच्या वंशावळी मांडत तपास जोसेफ डिअँजेलो या माजी पोलिसापर्यंत पोहोचला. अटक झाली ती त्याच्या गाडीच्या दाराची मूठ आणि त्याने टाकलेला टिश्यू पेपर यांवरील नमुने जुळल्यानंतरच, कारण वंशावळीतून तपासाला दिशा मिळते, पुरावा आरोपीच्या स्वतःच्या नमुन्यातूनच यावा लागतो. २०२० मध्ये त्याने १३ खुनांची कबुली दिली. पीडितांच्या कुटुंबांना मिळालेला हा न्याय मला फार मोलाचा वाटतो.

माझा आक्षेप संमतीच्या रचनेवर आहे. मे २०१९ मध्ये सेवेने सर्व सदस्यांना पोलिसांच्या शोधातून वगळले आणि इच्छुकांनी स्वतःहून होकार द्यावा असा नियम केला, हे योग्यच झाले. परंतु जुलै २०२० मध्ये सायबर हल्ल्यामुळे ही निवड पुसली गेली आणि नकार दिलेल्यांची माहितीही सुमारे तीन तास पोलिसांच्या शोधासाठी खुली राहिली. शिवाय होकार देणारा एकटा असतो आणि उघडे पडते ते सारे कुटुंब, ज्यात अद्याप न जन्मलेलेही आले. त्यांना विचारण्याची सोय कोणत्याही पडद्यावर नाही.

म्हणून फाइल अपलोड करण्यापूर्वी मी भावंडांशी सविस्तर बोललो. धाकट्या बहिणीला पोलिसांचा शोध मान्य नव्हता, त्यामुळे तो पर्याय मी बंद ठेवला आहे. बंद ठेवल्यानंतरही अनोळखी मृतदेहांची ओळख पटवण्यासाठी आपली माहिती ताडली जाऊ शकते, हे अटींमध्ये वाचून मी तिला पुन्हा विचारले; त्याला तिने लगेच होकार दिला.