सेशन ठेवायचे कुठे: फाइल, डेटाबेस, रेडिस की कुकी?

नवे वेब ॲप्लिकेशन उभारताना लॉगिनचा भाग बहुधा फ्रेमवर्ककडून तयार मिळतो आणि त्यामुळेच लॉगिन झालेल्या वापरकर्त्याची पुढच्या विनंत्यांसाठी जपलेली ओळख (म्हणजेच सेशन) नेमकी कुठे साठवली जाते, याचा विचार राहून जातो. मूळ सेटिंग तसेच ठेवले, तर पीएचपी ही भाषा ती फाइलमध्ये ठेवते, जँगो हे फ्रेमवर्क डेटाबेसमध्ये ठेवते, तर रेल्स आणि फ्लास्क ही फ्रेमवर्क ती कुकीत (ब्राउझर साठवतो आणि प्रत्येक विनंतीबरोबर परत पाठवतो अशा छोट्या मजकुरात) भरून ब्राउझरच्याच हवाली करतात. निवड करताना वेगाच्या आकड्यांआधी एक प्रश्न विचारावा, असे माझे ठाम मत आहे: एखाद्या वापरकर्त्याला याच क्षणी बाहेर काढायचे ठरले, तर ते आपल्याला जमेल का? कुणाचा फोन हरवतो, कुणी नोकरी सोडून जाते, कुणाचा पासवर्ड फुटतो, आणि अशा वेळी चालू सेशन तोडता येत नसेल तर बाकीची सोय फारशी कामाची राहत नाही.

एकच सर्व्हर असेल, तर फाइलची पद्धत पुरेशी ठरते. पीएचपी प्रत्येक सेशनसाठी एक फाइल करते आणि विनंती पूर्ण होईपर्यंत तिला कुलूप लावून ठेवते. या कुलपाचा परिणाम मी एका संस्थेच्या डॅशबोर्डवर पाहिला. पान उघडताच सहा विनंत्या एकदम जात होत्या आणि प्रत्येक क्वेरी (डेटाबेसकडे केलेली विचारणा) स्वतंत्रपणे चालवली तर दोन सेकंदांत संपत होती, तरीही पान पूर्ण भरायला बारा सेकंद लागत होते. ब्राउझरच्या नेटवर्क टॅबमध्ये सहाही पट्ट्या पायऱ्यांसारख्या एकीनंतर एक उतरत होत्या, कारण प्रत्येक विनंती आधीच्या विनंतीने सेशनची फाइल सोडण्याची वाट पाहत होती. सेशनमधून हवी ती माहिती वाचून झाल्याबरोबर सेशन_राइट_क्लोज हे फंक्शन बोलावून कुलूप सोडले आणि प्रश्न सुटला. दुसरी गोष्ट मुदतीची. पीएचपीची मूळ मुदत 1440 सेकंद, म्हणजे 24 मिनिटे आहे, मात्र जुन्या फाइलींची सफाई ठरावीक वेळी न होता अधूनमधून होते. त्यामुळे सेशन नेमके 24व्या मिनिटाला संपेल असे गृहीत न धरता शेवटच्या वापराची वेळ सेशनमध्येच नोंदवून ती स्वतः तपासावी. सर्व्हर दोन झाले, की एकावरची फाइल दुसऱ्याला दिसत नाही आणि लॉगिन केलेला माणूस पुढच्याच क्लिकला बाहेर फेकला जातो. प्रत्येक वापरकर्त्याला लोड बॅलन्सरवर (विनंत्या सर्व्हरांमध्ये वाटणाऱ्या यंत्रणेत) एकाच सर्व्हरशी बांधून ठेवता येते, परंतु तो सर्व्हर बंद पडला की त्याच्यावरची सगळी सेशन्स जातात.

लहान व मध्यम आकाराच्या बहुतेक ॲप्लिकेशनसाठी मी डेटाबेसचीच शिफारस करेन. प्रत्येक विनंतीमागे एक जादा क्वेरी होते खरी, पण ती प्रायमरी कीवरून (प्रत्येक ओळीच्या स्वतंत्र ओळखखुणेवरून) एकच ओळ वाचते आणि हा भार साधारण डेटाबेसला सहज पेलतो. बदल्यात ती ओळ खोडली, की तो वापरकर्ता तत्काळ बाहेर पडतो. जँगोच्या सेशन टेबलात मात्र तीनच रकाने असतात: की, माहिती आणि मुदतीची तारीख. वापरकर्त्याचा क्रमांक माहितीच्या रकान्यात गुंडाळलेला असतो, त्यामुळे एका व्यक्तीची सगळी सेशन्स शोधायची तर एकेक ओळ उलगडून पाहावी लागते. ‘सर्व उपकरणांवरून लॉगआउट’ ही सोय द्यायची असल्यास वापरकर्त्याचा रकाना आपण पहिल्या दिवसापासून जोडून ठेवावा. पासवर्ड बदलल्यावर त्या व्यक्तीची इतर सेशन्स जँगो आपोआप अमान्य करते, ही त्याची मोठी जमेची बाजू आहे. मुदत संपलेल्या ओळी मात्र ते आपणहून काढत नाही, त्यासाठी क्लिअरसेशन्स ही आज्ञा क्रॉनमध्ये (ठरलेल्या वेळी कामे आपोआप चालवणाऱ्या सोयीत) लावावी लागते.

रहदारी खरोखरच वाढली, किंवा सेशनमध्ये सतत लिखाण होत असले, तर रेडिस (माहिती मेमरीत ठेवणारा वेगवान साठा) योग्य आहे. प्रत्येक नोंदीला आयुष्य ठरवून देता येते आणि सफाईचा प्रश्न उरत नाही. धोका असतो तो सेशन आणि कॅश (गरज पडल्यास पुन्हा बनवता येणारी तात्पुरती माहिती) एकाच ठिकाणी ठेवण्यात. मेमरी भरल्यावर जुन्या नोंदी काढून टाकण्याचे धोरण कॅशसाठी उत्तम आहे, पण त्याच धोरणाने सेशन्सही गळतात, आणि कुणी कॅश रिकामी करण्यासाठी सगळे पुसून टाकले तर सगळेच वापरकर्ते एकदम लॉगआउट होतात. म्हणून सेशनसाठी वेगळे रेडिस चालवावे.

कुकीतल्या सेशनला सर्व्हरवर काहीच साठवावे लागत नाही, हे तिचे आकर्षण आहे. पण जागा साधारण 4096 बाइटची असते, आणि फ्लास्क या कुकीवर केवळ सही करते (म्हणजे मजकूर बदलला तर कळते), ती कूटबद्ध करत नाही. कुकीचा पहिल्या टिंबापर्यंतचा भाग बेस64 मधून (माहिती साध्या अक्षरांत लिहिण्याच्या, गुप्त नसलेल्या पद्धतीतून) उलगडला, की आत ठेवलेली माहिती कुणालाही वाचता येते. (माहिती मोठी असली तर फ्लास्क ती आधी दाबून घेते, तेव्हा एक पायरी वाढते, इतकेच.) रेल्स चौथ्या आवृत्तीपासून ती कूटबद्ध करते. मात्र कूटबद्ध असो वा नसो, आधीच चोरलेली प्रत लॉगआउटनंतरही मुदत संपेपर्यंत चालू शकते. 2015 मध्ये प्रमाणित झालेल्या जेडब्ल्यूटीचीही (ओळख आतच असलेल्या, सही केलेल्या टोकनाचीही) हीच अडचण आहे. रद्द केलेल्या टोकनांची यादी ठेवली, तर प्रत्येक विनंतीला ती तपासावी लागते आणि सर्व्हरवर काही न साठवण्याचा फायदा निघून जातो. अनेक स्वतंत्र सेवांनी एकच ओळख मानायची असेल, तेव्हा अल्प मुदतीचे जेडब्ल्यूटी जरूर वापरावे. एकट्या वेबसाइटच्या लॉगिनसाठी मला ते अनाठायी वाटते.

कोणतीही पद्धत घेतली, तरी कुकीवर एचटीटीपीओन्ली (पानावरील स्क्रिप्टला ती वाचता येत नाही), सिक्युअर (ती फक्त सुरक्षित जोडणीवरून जाते) आणि सेमसाइट (इतर साइटवरून आलेल्या विनंतीबरोबर ती पाठवण्यावर मर्यादा येते) ही बंधने असावीत, आणि सर्व्हरवर सेशन ठेवत असल्यास लॉगिन होताच सेशनचा आयडी (कुकीतून येणारी सेशनची ओळखखूण) बदलावा. डेटाबेस निवडणाऱ्यांनी आणखी एक काळजी घ्यावी: सेशनच्या टेबलात चालू आयडी जसेच्या तसे पडलेले असतात, म्हणून बॅकअप घेताना त्या टेबलातील ओळी वगळाव्यात.