चार वाजताची भूक: लो-फॅट की मेडिटेरेनियन?

ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) वाढलेत, शुगर काठावर आली आहे, पोट सुटलंय आणि 'तेल कमी करा' हे ऐकून झालंय, अशांसाठी हे लिहितोय. मी आधी आठ महिने लो-फॅट, म्हणजे कमी तेला-तुपाचं, केलं, आता दीड वर्ष मेडिटेरेनियन, म्हणजे भूमध्य समुद्राकाठच्या, पद्धतीनं जेवतोय. मला दुसरं मानवलं. पहिलं मानवलेली माणसंही पाहिली आहेत.

लो-फॅटचा नियम सोपा. माणशी महिन्याला अर्धा लिटर तेल, साय काढलेलं दूध, संपलं. घरच्यांना समजावत बसावं लागत नाही, वाण्याचं बिलही उतरतं. सुरुवातीला माझं वजनही उतरलं. अर्ध्या चमच्यात मोहरी तडतडायच्या आत हिंग करपायचा, पण तेही चालवून घेतलं.

चालवून घेता आली नाही ती चार वाजताची भूक. दुपारी एकला तीन फुलके, पातळ आमटी, वाफवलेली भाजी असं पोटभर जेवून चारला ऑफिसातला ड्रॉवर उघडायचो. आत मारी बिस्किटं आणि कुरमुरे, 'यात तेल नाही' म्हणून मुद्दाम ठेवलेले. चहाबरोबर दोन म्हणता म्हणता पुडा संपायचा. ताटातलं तेल गेलं आणि त्याच्या जागी मैदा-साखर येऊन बसली. पुढच्या रिपोर्टात ट्रायग्लिसराइड्स आणखी वर, एचडीएल ('चांगलं' कोलेस्टेरॉल) खाली. हा काही माझा एकट्याचा पराक्रम नाही. जास्तीच्या पिष्ट-साखरेपासून यकृत चरबी बनवतं आणि रक्तात सोडतं.

मेडिटेरेनियनमध्ये तेल तोडायचं नसतं, बदलायचं असतं. स्पेनमधल्या प्रेडिमेड अभ्यासात एका गटाला घरटी आठवड्याला एक लिटर एक्स्ट्रा व्हर्जिन ऑलिव्ह तेल दिलं होतं, दुसऱ्याला रोज 30 ग्रॅम आक्रोड-बदाम-हेझलनट. 2013 चा तो पेपर गटवाटपातल्या चुकांमुळे मागे घेऊन 2018 मध्ये दुरुस्त करून छापला; लो-फॅट सांगितलेल्या तिसऱ्या गटापेक्षा हृदयविकार-पक्षाघात सुमारे 30 टक्के कमी, हा निष्कर्ष टिकला. त्या तिसऱ्या गटानं मात्र तेल फारसं कमी केलंच नव्हतं. (त्यांनाही चारला भूक लागत असावी.) स्पेनमधल्याच कोर्दोबाच्या अभ्यासात 1,002 हृदयरुग्णांपैकी लो-फॅटवाल्या निम्म्यांकडून तेल खरंच कमी करवून घेतलं, सगळ्यांना सात वर्षं पाहिलं, आणि पारडं पुन्हा ऑलिव्हकडेच झुकलं.

माझं रोजचं मात्र स्पेनचं नाही. ऑलिव्ह तेल कोशिंबिरीवर आणि उसळीवर वरून. फोडणी शेंगदाणा तेलाचीच. त्यातही जवळपास निम्मं ओलिक आम्ल (ऑलिव्ह तेलातला मुख्य स्निग्ध घटक) असतं, ऑलिव्हइतकं नाही, पण खिशाला परवडतं. मूठभर आक्रोड, हरभरा किंवा चवळी रोज, बांगडा आठवड्यातून दोनदा. भात अर्ध्यावर आलाय, तो आईला अजून पटलेला नाही.

खोट यातही आहे. ऑलिव्ह तेल महाग आहे, आणि 'चांगलं तेल' म्हणून ओतत सुटलात तर वजन वाढणारच, मोठ्या (टेबलस्पून) चमच्याला 120 कॅलरी कुठल्याही तेलात. भूमध्य समुद्राकाठी जेवणासोबत वाइन घेतात, म्हणून तिचं निमित्त कृपया शोधू नका. आणि ट्रायग्लिसराइड्स 500 च्या पुढे असतील तर माझं ऐकूच नका; तिथं स्वादुपिंडाचा प्रश्न असतो, डॉक्टर सांगतील तेवढंच तेल.

ड्रॉवरमध्ये मारीचा एक पुडा अजून आहे. परवा पाहुण्यांसाठी काढला तर बिस्किटं पार सादळलेली.