विचर ३, पाच महिन्यांनंतर

डिसेंबरात नागपूरच्या बर्डीवरून जुना पीएस४, म्हणजे टीव्हीला जोडून गेम खेळायचं यंत्र, आणला, त्यासोबत 'द विचर ३' मिळाला. पोलंडच्या स्टुडिओनं २०१५ मध्ये काढलेला गेम. रोज जेवणं झाली की तासभर बसायचो. शेवट गाठेपर्यंत एप्रिल उजाडला. त्यातला बराच वेळ गेममधल्याच ग्वेंट नावाच्या पत्त्यांच्या डावांनी खाल्ला, त्याचं दुःख नाही. ग्राफिक्सवर लिहीत नाही, आजही छान दिसतात.

ब्लडी बॅरन नावाच्या पात्राच्या प्रकरणात टेकडीवरच्या झाडाखाली एक आत्मा अडकलेला असतो. सोडला तर दलदलीतली अनाथ पोरं वाचतात. मी सोडला आणि स्वतःवरच खूश झालो. पुढं कळलं, त्या आत्म्यानं अख्खं गाव संपवलं. बॅरनची बायको गेली आणि बॅरन अंगणातल्या झाडाला लटकलेला दिसला. टीव्ही बंद करून गॅलरीत जाऊन उभा राहिलो. आत्मा मारला असता तर बायको वाचली असती, भ्रमिष्ट का होईना, पण पोरं गेली असती. या गेममध्ये पाप-पुण्याचा मीटर नाही. चुकलात हे सांगायलाही कोणी येत नाही.

खरा दणका सिरीनं दिला. आपण ज्याच्या रूपात खेळतो त्या गेराल्टनं पोटच्या पोरीसारखी वाढवलेली ही मुलगी. तिचं काय होणार हे ठरतं चार-पाच साध्या प्रसंगांवरून, तलवारीचा तिथं काही संबंध नाही. ती खचली होती, मी म्हणालो, सगळंच जमायला हवं असं नाही. ती संतापून प्रयोगशाळा फोडायला निघाली, मी शांत केलं. जादूगारणींच्या बैठकीला निघाली तेव्हा बारावीची परीक्षा देऊन मोकळी झालेली लेक शेजारी बसली होती. "बाबा, तिला एकटीला जाऊ द्या नं."

"काऊन? एवढ्या चेटकिणींत एकटी?" गेलो सोबत.

गेमच्या शेवटी सिरी परत आलीच नाही. म्हातारा गेराल्ट तिच्या लॉकेटसाठी दलदलीत जातो, झोपडीत ते हातात धरून बसतो, बाहेर राक्षस जमत जातात. संपलं. लेक म्हणाली, "मी सांगितलं होतं." ही पुण्याच्या कॉलेजचे फॉर्म भरतेय सध्या.

नवीन खेळणाऱ्यांना एकच सांगणं: सेव्हवर सेव्ह चढवू नका, जुनी सेव्ह राहिली तर तिथून पुन्हा खेळता येतं. हे प्रसंग शेवटाच्या कितीतरी तास आधी येऊन जातात. मला नशिबानं फेब्रुवारीतलं एक सेव्ह सापडलं, तिथून पुन्हा खेळतोय.

आता मे. बाहेर ४५, कूलरमध्ये रात्रीतून दोनदा पाणी भरावं लागतं. काल सिरी खचल्याचा तोच प्रसंग पुन्हा आला, या वेळी तिच्याशी बर्फाचे गोळे फेकायचं निवडलं, लेकीनं कंट्रोलर हिसकावून घेतला, गेराल्टनं सपाटून मार खाल्ला. जादूगारणींच्या दाराशी पोचलोय. तिथं वेगळं सेव्ह करून ठेवलंय.