आयर्न मेडनचा ‘अ मॅटर ऑफ लाइफ अँड डेथ’: काही महिने सीडीवर ऐकल्यानंतर

मेटल या जड गिटारींच्या रॉक संगीतात युद्धावरची गाणी ढिगाने आहेत. ब्रिटिश बँड आयर्न मेडनचा 2006 सालचा हा अल्बम त्यात वेगळा आहे तो रेकॉर्डिंगमुळे. तो मास्टरिंग न करताच बाजारात आला. सगळी वाद्यं आणि गळा एकत्र जुळवून मिक्स तयार झाल्यावर मास्टरिंगचा शेवटचा हात फिरतो, आणि त्या काळी त्यात लिमिटर (आवाजाची उंच टोकं दाबणारं साधन) लावून सगळ्याचा आवाज शक्य तितका मोठा करायची चढाओढ होती. बँडचा बास गिटारवादक स्टीव्ह हॅरिसला निर्माता केव्हिन शर्लीसोबत लंडनच्या सार्म वेस्ट स्टुडिओत केलेले मिक्स आवडले आणि तेच सीडीवर गेले.

मी मूळ सीडीच ऐकतोय, कधी वायरच्या हेडफोनवर, कधी घरच्या स्पीकरवर. व्हॉल्यूम नेहमीपेक्षा वाढवावा लागतो. नाही वाढवला, तर हा अल्बम मवाळ वाटतो आणि त्याच्यावर अन्याय होतो.

वाढवल्यावर काय मिळतं ते ‘द लाँगेस्ट डे’मध्ये कळतं. विषय 6 जून 1944, नॉर्मंडीचा किनारा; दुसऱ्या महायुद्धात मित्रराष्ट्रांचे सैनिक समुद्रातून फ्रान्समध्ये उतरले तो दिवस. सुरुवातीला दबकी धडधड आणि त्यावर गायक ब्रूस डिकिन्सनचा खालच्या पट्टीतला आवाज. होड्या अजून समुद्रात आहेत, आतले सैनिक उलट्या करतायत, किनारा जवळ येतोय. ड्रम्स हळूहळू चढतात, गिटारी भरत जातात आणि कोरसला सगळं एकदम अंगावर येतं. हे चढणं खरं आहे, कारण दबका भाग खरोखर दबका ठेवलाय. लिमिटरने चेपलेल्या रेकॉर्डवर शांत कडवं आणि कोरस एकाच उंचीवर येऊन बसतात, मग कितीही ओरडलं तरी हल्ला झाल्यासारखं वाटत नाही. दोनच वर्षांनी आलेला मेटॅलिका या अमेरिकन मेटल बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आठवा. इतका चेपलेला की चाहत्यांना ‘गिटार हिरो’ या गेममधली त्याच गाण्यांची आवृत्ती जास्त स्वच्छ वाटली!

‘ब्रायटर दॅन अ थाउजंड सन्स’ अणुबॉम्बवर आहे. नाव वाचताच आपल्याला गीतेच्या अकराव्या अध्यायातलं ‘दिवि सूर्यसहस्रस्य’ आठवतं, आणि ते नातं खरंच आहे, कारण अणुबॉम्ब बनवणाऱ्या शास्त्रज्ञांचा प्रमुख ओपेनहायमर याने बॉम्बच्या संदर्भात तोच श्लोक आठवला होता. गाणं पावणेनऊ मिनिटांच्या आसपास, तरी एकदाही पुढे ढकलावंसं वाटलं नाही. संथ, जड रिफच्या (गिटारीच्या पुन्हापुन्हा येणाऱ्या तुकड्याच्या) मागे निको मॅकब्रेनचे ड्रम्स नीट ऐका. आवाज चकचकीत केलेला नाही, त्यामुळे किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका कातड्यावर पडल्यासारखा येतो आणि खोलीची हवासुद्धा जाणवते. बँडने बरंचसं एकत्र बसून, थेट वाजवून रेकॉर्ड केलं होतं, ते इथे कानाला पटतं.

आता तक्रारी. तीन गिटारी एकत्र वाजल्या की मधल्या पट्टीत गर्दी होते, गिटारवादकांपैकी डेव्ह मरे कुठला आणि यानिक गर्स कुठला हे वेगळं काढताना दमछाक होते. झांजा जरा मंद आहेत. हॅरिसच्या बोटांचा तारेवरचा खणखणाट हेडफोनवर काही वेळा नको इतका पुढे येतो. मास्टरिंगमध्ये यातलं थोडं तरी सावरता आलं असतं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. ‘फॉर द ग्रेटर गुड ऑफ गॉड’ माझं अतिशय आवडतं, धर्माच्या नावाने होणाऱ्या लढायांवरचं. पण त्यातला कोरस दोन वेळा कमी चालला असता. ‘आउट ऑफ द शॅडोज’ मी हल्ली सोडूनच देतो.

आणखी एक. स्ट्रीमिंगवर या अल्बमपुढे ‘2015 रीमास्टर’ (म्हणजे नंतर मास्टरिंग केलेली आवृत्ती) असं लिहिलेलं दिसतं, म्हणजे तिथे तुम्ही मूळ बिनमास्टरचा आवाज ऐकतच नाही. शिवाय ॲप स्वतःच गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणतं. चालता-फिरता ऐकायला ते ठीक आहे. पण मी वर लिहिलेला फरक अनुभवायचा असेल, तर 2006 ची सीडी शोधा, जुनी मिळाली तरी चालेल. 2007 च्या मार्चमध्ये बँड पहिल्यांदा भारतात, बंगळूरला आला तो याच अल्बमच्या दौऱ्यात. त्या वेळी सीडी घेतलेला कुणी ओळखीत असेल, तर आधी त्याच्याकडे विचारून बघा.