उधईच्या (वाळवीच्या) मुलखात घर: साग, बाभूळ की कडुनिंब?

आधी ठरवा, लाकूड कुठे लागणार आहे. स्लॅबच्या घरात चौकटी-दारं एवढंच काम. माळवदाचं, म्हणजे लाकडावर मातीचं सपाट छत असलेलं घर नीट करायचं असेल तर खांब, तुळया, सर सगळंच आलं, आणि पांढऱ्या मातीखाली गेलेलं लाकूड पुन्हा नजरेला पडत नाही. तिथे मी सागच सुचवेन.

पण साग म्हणजे सागाचा गाभा. उधईला नकोशी असणारी टेक्टोक्विनोनसारखी द्रव्यं गाभ्यातच साठतात. भोवतीचा फिकट भाग उधई खुशाल खाते. कोवळ्या लागवडीच्या सागात हा पांढरा भाग जास्त. म्हणून लाकडाच्या अड्ड्यावर कुणी ‘किनवटचा माल’ (नांदेडकडच्या जंगलातला साग) म्हणून भाव लावला तरी ओंडक्याचं कापलेलं तोंड बघा, गाभा किती आहे ते कळेल. पडलेल्या वाड्याचं जुनं सागवान मिळत असेल तर मी नव्याआधी ते घेईन. ते वाळून बसलेलं असतं, वाकत-पिळत नाही. भिंतीत गाडलेली टोकं मात्र टोच्याने तपासा, खिळे काढून घ्या.

बाभूळ सागापेक्षा स्वस्त आणि चिवट, बैलगाडीची चाकं काय उगीच तिची करत नव्हते. गाभा चांगला टिकतो. अडचण अशी की लांब, सरळ तुळई निघत नाही आणि पांढऱ्या भागाला भुंगा (लाकूड पोखरणारा किडा) लागतो. तोडल्यावर काही आठवडे पाण्यात बुडवून मग सावलीत वाळवली तर भुंग्याचा त्रास कमी होतो. आखूड खांबांना, वाशांना ती चालेल.

कडुनिंब कडू म्हणून उधई शिवत नाही, हे अर्धंच खरं. कीड दूर ठेवणारं अझाडिरॅक्टिन हे द्रव्य मुख्यतः निंबोळीच्या बियांत असतं. लाकूड बऱ्यापैकी टिकतं, पण वाळताना टोकांना चिरतं. कपाटाच्या फळ्यांना ठीक, तुळईला नको.

अंजन मिळालं तर खांबाला उत्तम. इतकं जड की पाण्यात बुडतं. सुतार कुरकुर करेल. आंबा घरात नकोच, तो सेंट्रिंगपुरता. ‘मलेशियन साल’ या एका नावाखाली वेगवेगळ्या जाती विकल्या जातात, तेव्हा जात विचारल्याशिवाय घेऊ नका.

कुठलंही लाकूड मातीत रोवू नका. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, जोत्याला, फरशीला तडे जातात आणि तिथूनच उधई वर चढते. खांब तळखड्यावरच, म्हणजे खांबाखालच्या बैठकीच्या दगडावरच उभा करा. पाया भरताना आयएस ६३१३ (इमारतीला उधई लागू नये यासाठीचं भारतीय मानक) प्रमाणे औषधफवारणी करून घ्या. पैसे कमी पडत असतील तर न्हाणीघराला सिमेंटची चौकट बसवा आणि वाचलेला साग तुळयांना लावा.