आठ महिने, दर शनिवारी एक जुना भयपट: वापरानंतरचा अनुभव

आठ महिने झाले, म्हटलं आता लिहावंच. दिवाळीनंतर घरी छोटा प्रोजेक्टर आणला आणि तेव्हापासून दर शनिवारी जेवणं आटोपली की मी आणि बाबा हॉलच्या भिंतीवर एक जुना अमेरिकन भयपट लावतो, १९५०-६० च्या काळातला, सायन्स फिक्शनवाला, शक्यतो अगदी कमी पैशात काढलेला. तीसेक सिनेमे झाले, त्यातले चार-पाच तर तीन-तीनदा बघितलेत. तेव्हा हे पहिल्या आठवड्यातल्या उत्साहात लिहिलेलं नाहीये.

सुरुवात मात्र वाईट झाली. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून पन्नास सिनेमांचा डीव्हीडी संच घेतला, स्वस्त मिळाला म्हणून, तर प्रिंट इतक्या धुरकट की अंधारातला सीन म्हणजे भिंतीवर नुसता राखाडी डाग, आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा, आणि परत घ्यायला साफ नकार. महिनाभर मला वाटत होतं सिनेमेच असे असणार. मग 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'ची, म्हणजे उठून माणसांवर चालून येणाऱ्या प्रेतांच्या सिनेमाची, २०१६ साली रिस्टोअर केलेली प्रिंट मिळाली आणि तोच सिनेमा पहिल्यांदा बघतोय असं वाटलं, कबरस्तानातलं गवत वेगळं दिसतं, नायक बेनच्या चेहऱ्यावरचा घाम दिसतो. या सिनेमाच्या इतक्या खराब कॉप्या फिरतात त्याचं कारणही कळलं. १९६८ ला रिलीजच्या वेळी नाव बदललं, नवीन टायटल कार्ड लावताना कॉपीराइटची ओळ राहून गेली आणि तेव्हाच्या अमेरिकन कायद्यानुसार सिनेमा पब्लिक डोमेनमध्ये गेला, म्हणजे त्यावर कुणाचाच हक्क उरला नाही. मग ज्याला वाटेल तो छापतोय. तर पहिला सल्ला हाच, प्रिंट चांगली शोधा, नाहीतर बघूच नका.

आता हे सिनेमे परत परत का बघावेसे वाटतात ते. राक्षस बघायला नाही, राक्षस बऱ्याचदा रबराचा सूट असतो आणि तो कळतो. मला वाटतं खरी गोष्ट अशी की यांच्याकडे सेट उभारायला पैसे नव्हते, मग आपल्याच गावात, ओळखीच्या जागी, हाताशी असलेल्या माणसांना घेऊन शूटिंग केलं, आणि त्यामुळे ती भीती थेट घरात येते. 'नाइट' काढणारे दिग्दर्शक जॉर्ज रोमेरो आणि त्यांची मंडळी म्हणजे पिट्सबर्गमध्ये टीव्हीच्या जाहिराती करणारे लोक, एकूण खर्च सुमारे १,१४,००० डॉलर. सिनेमातली माणसं ज्यात अडकतात ते फार्महाउस पाडायला काढलेलं होतं म्हणून वापरायला मिळालं. रक्त म्हणून चॉकलेट सिरप, कारण ब्लॅक अँड व्हाइटमध्ये ते चालून जातं. निर्मातेच नट, तळघरात लपून बसायचा हट्ट धरणारा तो चिडका कूपर आहे ना, तो निर्मात्यांपैकीच एक. आणि शेरीफची मुलाखत घेणारा जो बातमीदार दिसतो त्याला बघून बाबा पहिल्याच वेळी म्हणाले, "हा नट नाही गं, हा रोज माइक धरणारा माणूस आहे." शोधलं तर खरंच, बिल कार्डिल, पिट्सबर्गच्या टीव्हीवरचा घराघरात माहीत असलेला चेहरा! तेव्हा तिथल्या लोकांना हे बघताना काय वाटलं असेल.

'द ब्लॉब' (१९५८) पण तसाच. पेनसिल्व्हेनियातलं फीनिक्सव्हिल नावाचं गाव, तिथलं खरं कलोनियल थिएटर, आणि आतून किंचाळत बाहेर धावणारी माणसं. माणसं गिळत सुटलेला तो लाल गोळा म्हणजे रंग घातलेलं सिलिकॉन. ते थिएटर अजून चालू आहे आणि दर जुलैत गावकरी जमून तसेच धावत बाहेर येतात. सिनेमा म्हणून मधला भाग जरा रेंगाळतो, पण पुढे मोठा स्टार झालेल्या स्टीव्ह मॅक्वीनची ही पहिली मोठी भूमिका, त्यासाठी एकदा बघाच.

माझा सगळ्यात आवडता 'इन्व्हेजन ऑफ द बॉडी स्नॅचर्स' (१९५६). यात गावातल्या माणसांच्या जागी हुबेहूब पण भावनाशून्य नकला येतात. गावातली विल्मा म्हणते हा माझा आयरा काका नाहीये. दिसतो तसाच, जुन्या आठवणी सगळ्या बरोबर, फक्त माझ्याकडे बघताना डोळ्यात जे असायचं ते नाहीये. आणि हे चालू असताना काका मागे हिरवळ कापतोय, बाकी काही नाही, ना म्युझिकचा दणका ना काही, भर दिवसा. बाबांनी तिथे सिनेमा थांबवायला सांगितला. आजी शेवटच्या वर्षी बाबांकडे अशीच बघायची, ओळख पुसल्यासारखी, आणि घरात त्यावर आम्ही कधी बोललोच नव्हतो. त्या रात्री तासभर बोललो, मग उरलेला सिनेमा रविवारी बघितला. बघणार असाल तर एक लक्षात ठेवा, सुरुवातीचा आणि शेवटचा हॉस्पिटलचा भाग स्टुडिओने आग्रहाने नंतर जोडायला लावलाय, खरा सिनेमा हायवेवर संपतो.

न आवडलेलंही सांगते. बायकांना काम फार थोडं देतात, 'नाइट'मधली बार्बरा तर अर्ध्याहून जास्त वेळ सोफ्यावर सुन्न बसून आहे, हे दरवेळी खटकतं. शास्त्रज्ञ लोक फळ्यापुढे भाषण देतात तिथे बाबा पाणी प्यायला उठतात. 'रोबॉट मॉन्स्टर' (१९५३), गोरिल्लाच्या सूटवर पाणबुड्याचं हेल्मेट, तो एकदा बघितला, परत नाही बघणार. आणि लहान मुलांना 'नाइट' अजिबात दाखवू नका, तळघरातला सीन मलाही अजून नीट बघवत नाही.

नवीन सुरू करणाऱ्यांनी आधी 'बॉडी स्नॅचर्स' घ्यावा, ऐंशी मिनिटांचा आहे, मग 'नाइट'. सबटायटल्स लावूनच बघा, जुन्या आवाजात निम्मं कळत नाही. प्रोजेक्टर वापरणार असाल तर तो बसायच्या जागेपासून लांब ठेवा, आमचा पहिले दोन महिने टीपॉयवर होता आणि त्याच्या पंख्याच्या घरघरीत काकाच्या गवत कापायच्या मशीनचा आवाज ऐकूच येत नव्हता.