अल्बेनियातल्या श्कोडरमधली गुराकुचींवरची ऑडिओ वॉक: घ्यावी का?

घ्या, पण इअरफोन आपले घेऊन जा, तिथे मिळतात त्यातला एक कान बंदच होता. बाकी कंटेंट एक नंबर. लुइज गुराकुची म्हणजे 1912 ला व्लोऱ्यात अल्बेनिया स्वतंत्र झाला तेव्हाच्या पहिल्या सरकारातले शिक्षणमंत्री, जन्म इथला, श्कोडरचाच, 1879 चा. मला वाटलं नुसती पदांची यादी वाचून दाखवतील, पण सगळ्यात जास्त वेळ दिलाय तो अल्बेनियन भाषेची लिपी ठरवायला भरलेल्या 1908 च्या मनास्तिर काँग्रेसला आणि तोच भाग भारी झालाय. अल्बेनियन तेव्हा कोणी अरबी लिपीत लिहायचं, कोणी ग्रीक, कोणी लॅटिन, नुसता गोंधळ, त्यात लिपी ठरवायच्या कमिटीत हे होते, आणि तिथेही एकावर एकमत झालंच नाही, लॅटिनवर आधारलेल्या दोन लिप्या चालतील म्हणून सुटका करून घेतली, हे ऐकताना जाम हसू आलं. मग 1909 ला एल्बासानला शिक्षक घडवणारी शाळा निघाली, तिचे पहिले डायरेक्टरही हेच.

1924 मात्र फार घाईत उरकलंय. पंतप्रधान फान नोलींच्या सरकारात हे अर्थमंत्री होते, सहा महिन्यांत त्यांचा विरोधक, आधीचा पंतप्रधान झोगू परत आला, सरकार गेलं, हे इटलीला निघून गेले आणि मार्च 1925 मध्ये बारी शहरात गोळी घालून मारले गेले. मारणारा नात्यातलाच! एवढी मोठी गोष्ट दोन वाक्यांत संपवतात का राव? पाचपैकी चार स्टार, एक त्याचा कापला.